कबिल्याचा सरदार

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. नाव बाबूराव, पण मिलमध्ये आणि मोहल्ल्यात सगळे त्यांना 'बाबूरावजी' म्हणत. इंदूरला परदेशीपुऱ्यामागच्या बस्तीत आमच्या दोन खोल्या होत्या. आजोबा महूला पलटणीत होते, त्यामुळे असेल, दादांच्या शर्टाला कायम कडक इस्त्री असायची. दर रविवारी सकाळी बुद्धविहारात वंदना तेच घ्यायचे. मागांच्या खडखडाटात पंचवीस वर्षं ओरडून बोलल्यानं त्यांचा आवाज असा मोठा झाला होता की विहारातला माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या बायकांना त्रिशरण स्पष्ट ऐकू जायचं.

ब्याण्णव साली मिल बंद झाली. दादांनी बरीच कामं करून पाहिली. एका दुकानात माल मोजला, एका शाळेच्या फाटकावर बसले. सकाळी तयार होऊन निघायचे आणि दुपारी परत आले की शर्ट काढून खुंटीला नीट लावायचे. आईनं, मंजुळानं, घरी शिवणयंत्र घातलं. मी ब्यूटी पार्लरचा कोर्स केला आणि राजवाड्याजवळच्या एका पार्लरमध्ये नवऱ्या सजवायला लागले.

तिथेच एका नवरीच्या मानेवर भाजल्याचा मोठा डाग होता. तो मी असा झाकला की तिच्या सासरच्यांना लग्नभर कळला नाही. दोन दिवसांनी एक म्हातारे गृहस्थ पार्लरच्या बाहेर येऊन उभे राहिले. हे लक्ष्मीकांत काका. तरुणपणी मुंबईच्या स्टुडिओंमध्ये मेकअप केलेला, नंतर इंदूरच्या मराठी नाटकांचा. ती नवरी त्यांची भाची.

"डाग तू झाकलास?" त्यांनी विचारलं.

"हो."

"झाकता येतंय. आता करायला शीक."

त्यांचं घर छत्रीबागेत, खान नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. पुढच्या खोलीत मोठा आरसा, एक जुनी न्हाव्याची खुर्ची आणि भिंतभर बाटल्या. लॅटेक्सचं पातळ रबर, चिकटवायचा स्पिरिट गम, जिलेटिन, ग्लिसरीन, पॅनकेकचे रंग. पार्लरची सुट्टी सोमवारी, म्हणून सोमवारी मी तिथे जायचे. कापूस आणि लॅटेक्सनं जखम कशी उठवायची, तिच्या कडा कातडीत कशा विरवायच्या, जुना व्रण आणि ताजा व्रण यांच्या रंगात काय फरक, हे मी तिथे शिकले. काका शिकवायला कडक होते. कड दिसली की नुसतं "धू" म्हणायचे.

मग त्यांनी मला ते मासिक दाखवलं. रद्दीत मिळालेलं, परदेशी, चकचकीत कागदाचं. त्यात दूरदेशीच्या आदिवासी माणसांचे फोटो होते. कुणाच्या पाठीवर मगरीच्या कातडीसारखे उठावाचे व्रण, कुणाच्या कपाळावर ठिपक्यांच्या ओळी, कानाच्या पाळ्या ताणून खांद्याला टेकलेल्या. मी ते मासिक घरी नेलं आणि आठवडाभर उशाशी ठेवलं. घाण वाटायला हवी होती कदाचित, पण मला ती माणसं भारी वाटली. वाटलं, यांनी आपल्या शरीराला हात घातलाय, कुणाला न विचारता.

ते ठिपके कसे करायचे यावर मी महिनाभर डोकं लढवलं. लॅटेक्सचा थेंब टाकला की वाळताना बसायचा, चपटा व्हायचा. एके दिवशी आई डाळ निवडत होती. मसुराची डाळ एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं फुगीर असते. मी एकेक दाणा चिमट्यानं दादांच्या हातावर चिकटवला, वरून लॅटेक्सचे तीन हात दिले आणि रंग लावला. खरा व्रण वाटला. दादांनी हात खिडकीपाशी नेला, बोटानं चाचपून पाहिला.

"क्या बात है," ते म्हणाले. "अगं मंजुळा, हिनं आपल्या डाळीचं बघ काय केलं!"

"मेरी डाळ वापस दो," आई आतून म्हणाली. ती चिडली की हिंदीत जायची.

त्या दिवसापासून दादा माझे मॉडेल झाले. रिकामा माणूस, वेळच वेळ. खुर्चीवर ताठ बसायचे आणि मी चेहऱ्यावर काम करताना पेपर वाचायचे. काकांनी चेहऱ्याचा साचा घ्यायला शिकवला तेव्हाही तेच बसले. दातांचे डॉक्टर वापरतात ती पावडर कालवून तोंडावर आणि कानांवर थापायची, वर प्लास्टरच्या पट्ट्या, नाकपुड्या तेवढ्या उघड्या. आई दारात उभी राहून घाबरी झाली. "अहो, जीव आहे ना?" दादांना बोलता येत नव्हतं. त्यांनी अंगठा वर केला आणि तो वीस मिनिटं तसाच ठेवला. मिल बंद झाल्यानंतर मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. पोरीच्या शिक्षणात आपलंही काही लागतंय, असं त्यांना वाटत असावं. त्या साच्यावर मी त्यांच्या मापाच्या लांब पाळ्या केल्या, गालाचे आणि कपाळाचे ठिपके केले. त्यांच्या कानांची घडी मला तेव्हा पाठ होती.

थंडीच्या आधी काका मला मानपूरच्या हाटात घेऊन गेले. तिथे थावरीबाई नावाची एक भिल्ल म्हातारी मडकी विकायची. काकांच्या ओळखीची. तिच्या हातांवर, गळ्यावर, डोळ्यांच्या कोपऱ्यांत गोंदण होतं. मी वही काढली. तिनं हात पुढे केला आणि एकेका खुणेवर बोट ठेवून सांगत गेली. ही चूल, हा विंचू, ही बावडी म्हणजे विहीर, हे माहेर.

"कशाला करता?" मी विचारलं.

"मरांगा तो यो ज साथ जाएगो," ती म्हणाली. "चांदी तो बहू उतार लेगी." म्हणजे, चांदी सून काढून घेईल, सोबत जाईल ते गोंदणच.

मग तिनं माझी वही पाहिली आणि विचारलं, "थारो धुल जाएगो?"

मी म्हटलं, हो, माझं धुतलं जातं. ती पोट धरून हसली.

परत येताना टेंपोत काका म्हणाले, "लक्षात ठेव संबोधी. खूण म्हणजे नक्षी नव्हे. कुणाची आहे हे माहीत नसेल तर लावू नये."

घरी वही दाखवली तेव्हा दादांनी त्या खुणांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "माझ्या आईच्या हातावर होतं. कोपरापासून मनगटापर्यंत. देवाचं नाव आणि त्याखाली आमच्या लोकांची म्हणून एक खूण. छप्पन साली दीक्षा घेऊन आली आणि चुन्यानं घासायला बसली. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. घासून घासून रक्त काढलं तिनं. पुढे पांढरा वण राहिला. म्हणायची, आता आपल्यावर कुणी दुसऱ्यानं खूण करायची नाही."

"मग मी करते ते..."

"तू करतेस ती कला आहे," दादा म्हणाले. "आणि मी बसतो तो माझ्या मर्जीनं बसतो."

सत्त्याण्णवच्या जानेवारीत मुंबईची एक मालिकावाली कंपनी इंदूरला आली. केबलवर नवे चॅनेल सुरू झाले होते, त्यांना मालिका हव्या होत्या. जंगलात हरवलेला नायक आणि त्याला पकडणारा कबिला, म्हणजे रानटी टोळी, अशी गोष्ट होती. सिमरोलच्या पुढे घाटात शूटिंग. मेकअपचं काम लक्ष्मीकांत काकांना मिळालं आणि त्यांनी मला हाताखाली घेतलं. काकांनी डिरेक्टरला थावरीबाईच्या गोंदणाची चित्रं दाखवली. त्यानं ती पाहिली आणि बाजूला ठेवली. "अच्छा है सर, पर थोडा खतरनाक चाहिए. पब्लिक डरनी चाहिए." मग मी पिशवीतून माझ्या कामाचे फोटो काढले. दादांचे, डाळीचे ठिपके आणि लांब पाळ्या लावलेले. तो खुर्चीतून उठलाच. "ये! ये है मेरा सरदार! कौन है ये आदमी?"

"माझे वडील," मी म्हणाले. मला आजही आठवतं, मी ते किती अभिमानानं म्हणाले.

कबिल्यासाठी चाळीस माणसं हवी होती. परदेशीपुऱ्यात रिकामे मिलवाले शेकड्यांनी होते. रोजचं काम आणि दोन वेळचं जेवण म्हटल्यावर रांग लागली. बुनाई, म्हणजे विणकाम खात्यातले पांडुरंग काका, मालोजी मामा, सगळे दादांच्या हाताखाली काम केलेले. लक्ष्मीकांत काकांनी मला बाजूला घेतलं.

"घरच्या माणसाला बसवू नकोस."

"का? दादांना आवडतं."

"तुझ्या खोलीत बसतात ते वेगळं. इथे त्यांचा चेहरा तुझ्या हातात राहणार नाही."

मला वाटलं, काकांना माझं नाव झालेलं बघवत नाही. खरंच असं वाटलं मला.

दादांना विचारलं तर ते लगेच हो म्हणाले. "तुझं काम जवळून बघायला मिळेल. आणि सरदारच करायचाय ना? मिलमध्ये माणसांकडून काम करून घेणारा जॉबर होतोच की मी." आदल्या संध्याकाळी त्यांनी आरशासमोर उभं राहून मान वळवून पाहिली, सरदार कसा बघेल तसं. आई हसून हसून खाली बसली.

पहिले दोन दिवस छान गेले. पहाटे बस निघायची, सिमरोलला पोहे खायचे आणि खाली घाटात उतरायचं. मी दादांना दोन तास बसवायची. ठिपके, पाळ्या, सगळ्या अंगाला काळपट रंग, कमरेला पट्टा. मग ते दगडावर उभे राहायचे, हातात भाला, मागे चाळीस मिलवाले. ते नुसतं बघायचे आणि त्यांच्या बघण्यात असं काही होतं की कॅमेरावालाही म्हणाला, "भिया, ये अंकल में दम है."

तिसऱ्या दिवशी लक्ष्मीकांत काका नायिकेच्या मेकअपसाठी वरच्या बंगल्यावर गेले होते. खाली मी एकटी. त्या दिवशीचा सीन असा होता की नायक सुटतो, सरदाराला पाडतो आणि कबिला शरण येतो. दादा दोन पावलं मागे गेले, गुडघ्यावर बसले आणि भाला खाली ठेवला. त्यांनी घरीच ठरवलं होतं तसं.

"नहीं, नहीं," डिरेक्टर ओरडला. "अंकल, आप राजा-महाराजा नहीं हो. जंगली हो. जानवर. चार पैर पे आओ. मांस का टुकड़ा फेंकेंगे, मुँह से उठाना है. फिर हीरो पीठ पे पाँव रखेगा."

दादा उभे राहिले. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

घामानं त्यांची डावी पाळी सुटायला लागली होती. मी गमची बाटली घेऊन धावले. मी पाळी दाबून धरली आणि फुंकर घालायला वाकले, तेव्हा ते माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "बाळा, सोडून देऊ का गं?"

मी काय म्हणायला हवं होतं ते मला तेव्हाच माहीत होतं. पण मागे कॅमेरा लागलेला होता, डिरेक्टर घड्याळ बघत होता, आणि त्या चेहऱ्यावर माझी तीन महिन्यांची मेहनत होती. मी म्हटलं, "थोडंच राहिलंय, दादा."

ते "बरं" म्हणाले.

अकरा वेळा घेतला तो सीन. पहिल्यांदा त्यांना नीट रांगता येईना. गुडघे दुखत होते. मग नायकाचा पाय नीट पडेना. मग डिरेक्टरला ओरडण्याचा आवाज हवा होता. "कुत्ते जैसा, अंकल, ऊ ऊ करके." दादांचा आवाज किती मोठा होता ते मी सांगितलंच आहे. तो घाटात घुमला. मागचे मिलवाले आधी हसत होते. पाचव्या-सहाव्या वेळेपासून कुणी हसलं नाही. पांडुरंग काका तोंड फिरवून उभे राहिले, तर त्यांनाही ओरडा बसला. प्रत्येक वेळी सीन थांबला की मी मध्ये जायची, गुडघ्याचा रंग नीट करायची, तोंडाभोवतीची माती पुसायची. दादांनी पुन्हा काही विचारलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.

काका वरून उतरले तेव्हा सीन बाराव्यांदा घ्यायची तयारी चालली होती. त्यांनी एकदाच बघितलं आणि सरळ कॅमेऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. "बस. माझा मेकअप आता टिकणार नाही," ते डिरेक्टरला म्हणाले. ते खोटं होतं. पण डिरेक्टरचं काम झालंच होतं, त्यानं ऐकलं.

पाळ्या काढायला स्पिरिट लागतं, हळूहळू, कडेकडेनं. मी कापूस घेऊन गेले तर दादा टँकरच्या नळाखाली बसले होते आणि स्वतःच ओढून काढत होते. कानाची कातडी सोलून आली होती. कपाळावर डाळीएवढे लाल ठिपके उठले होते, ओळीनं.

"दादा, थांबा, मी काढते."

"झालं," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये ते मालोजी मामांशी मटाराच्या भावाबद्दल बोलले. घरी आईला म्हणाले, पाणी थंड होतं म्हणून कान चिरले. दुसऱ्या दिवसापासून ते गेले नाहीत. कंपनीनं पाठमोऱ्या शॉटला दुसरा माणूस उभा केला.

मालिका मे महिन्यात लागली. सीन कोणता आहे हे मी आईला सांगू शकले नव्हते. दादांनीही सांगितलं नव्हतं. तिनं अख्खा मोहल्ला बोलावला, सगळ्यांसाठी पन्हं केलं, टीव्ही दारात आणून ठेवला. दादा आपल्या जागी, इस्त्रीच्या शर्टात. आधी ते दगडावर उभे असलेले दिसले, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग तो सीन आला. रांगताना त्यांचं तोंड जवळून दाखवलं होतं, दातांत मांस धरलेलं. माझे ठिपके फार सुंदर दिसत होते. एकाही ठिकाणी कड दिसत नव्हती.

मग मागून एका पोरानं तसाच आवाज काढला, ऊ ऊ. सगळ्यात आधी दादाच हसले. मोठ्यानं हसले, म्हणून मग बाकीचे हसले. आई पन्ह्याची भांडी गोळा करत आत गेली आणि बाहेर आली नाही.

पोरं पुढचे कित्येक दिवस गल्लीत तो आवाज काढत राहिली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. दादा आले की काही जण तर प्रेमानं "सरदार आला" म्हणायचे.

पुढच्या रविवारी विहारात ते शेवटच्या रांगेत जाऊन बसले. लोक वाट बघत राहिले. नरेंद्र नावाचा शाळामास्तर आमच्या विहाराचं बघायचा, तो मागे आला. "बाबूरावजी, पुढे या ना. सुरुवात करायची."

"घसा बसलाय," दादा म्हणाले. "तुम्ही घ्या."

त्यांचा घसा पुढे कधीच सुटला नाही. सगळे 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणत तेव्हा मी कान देऊन ऐकायचे. त्यांचे ओठ हलायचे, पण आवाज नसायचा.

त्या सरदारामुळे मला मुंबईहून बोलावणं आलं. कंपनीला माझे ठिपके आवडले होते. मी पत्र लपवून ठेवलं. आईनं ते शोधलं आणि दादांना दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली.

"जा," ते म्हणाले. "हुनर आहे तुझ्या हातात. इथे काय राहिलंय? मिल पण गेली."

"मी नाही जाणार. दादा, माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे काही नाही. मी माझ्या पायानं गेलो होतो."

"मग तुम्ही नाही का म्हणाला नाहीत?" मी रडत ओरडले. "एकदा नाही म्हणाला असतात तर मी सगळं तिथेच टाकून दिलं असतं!"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"तुला विचारलं होतं ना, बाळा," ते म्हणाले.

मी मुंबईला गेले. सात वर्षं राहिले. जखमा केल्या, भाजलेले हात केले, म्हातारपण केलं. कबिला कधी केला नाही. असं काम आलं की तब्येतीचं कारण सांगायची. दर महिन्याला घरी फोन करायची. दादा फोनवर नीट बोलायचे, हवापाणी विचारायचे. माझ्या कामाबद्दल त्यांनी परत कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. छत्रीबागेत मी लक्ष्मीकांत काकांकडे एकदाच गेले. त्यांनी चहा दिला. "चूक माझी पण आहे," ते म्हणाले, "मी वर जायला नको होतं." पण त्यांच्या वाट्यानं माझा वाटा काही कमी झाला नाही.

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत आईचा फोन आला. दादांची छाती भरली होती. मिलमधल्या रुईनं फुप्फुसं गेलीत, असं डॉक्टर म्हणत होते. मी आले तेव्हा ते खाटेवर उशांना टेकून बसले होते, खूप लहान झाले होते. बोलताना दम लागत होता. मला पाहून मात्र हसले आणि आईला म्हणाले, "हिला पोहे दे आधी."

तीन दिवस मी त्यांच्याजवळ होते. औषध द्यायची, पाठ चोळायची, पाय दाबायची. ते सगळं करू द्यायचे. चौथ्या दिवशी सकाळी भेटायला विहारातली माणसं येणार होती. दादांची दाढी बरीच वाढली होती. दाढी वाढलेली त्यांना कधी चालायची नाही. मी गरम पाणी केलं, ब्रश भिजवला, साबणाचा फेस काढला आणि खाटेवर बसून त्यांच्या गालाकडे हात नेला.

त्यांनी चेहरा बाजूला केला. मुद्दाम नसेल. हात जवळ आला तशी मान आपोआप वळली, एवढंच. त्यांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी माझं मनगट धरलं, दोनदा थोपटलं.

"राहू दे," ते म्हणाले. "तुझ्या आईला सवय आहे."

आईनं शिवणयंत्र थांबवलं, पदराला हात पुसले आणि माझ्या हातातून ब्रश घेतला. मी पाण्याची वाटी धरून तिच्या शेजारी उभी राहिले. तिनं सावकाश सगळी दाढी केली, कानापाशी, हनुवटीखाली, कुठे खरचटू न देता. मी पाणी बदलून आणलं. नरेंद्र मास्तर आणि बाकीची माणसं आली तेव्हा दादा स्वच्छ शर्टात बसलेले होते. त्यांनी सगळ्यांना हात जोडून जयभीम केला. संध्याकाळी, ऊन खिडकीतून जायच्या आत, दादा गेले.